कोथिंबिरीची दूरची भावकी

कोथिंबिरीची जुडी घरी आणली की दोन दिवसांत मान टाकते. तिच्याच कुळातल्या एका वनस्पतीची काही झुडपे ३,००० वर्षांची असावीत, असे मी प्रथम वाचले तेव्हा मला ती छपाईची चूक वाटली. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी असूनही! पण ती चूक नव्हती.

या वनस्पतीचे नाव यारेता. दक्षिण अमेरिकेत पेरू, बोलिव्हिया, चिली आणि अर्जेंटिना या देशांतून गेलेल्या अँडीज पर्वतावर तिचे घर. तेथील 'पुना' नावाचा मुलूख सुमारे ४,००० मीटर उंचीवर आहे. हवा विरळ, दिवसा ऊन भाजून काढते, रात्री पाणी गोठते. येथे घाईने वाढणाऱ्याचा निभाव लागत नाही. म्हणून यारेताच्या असंख्य फांद्या एकमेकींना घट्ट बिलगून जमिनीलगत राहतात. दुरून पाहावे तर शेवाळाने मढलेला धोंडाच! आतली ऊब वाऱ्याच्या हाती लागत नाही. वाढ मात्र वर्षाला जेमतेम दीड सेंटिमीटर.

दुसरे नवल अननसाच्या कुळातले. पुया रायमोंडी हे त्याचे नाव. पेरूत स्थायिक झालेल्या अंतोनियो रायमोंदी या इटालियन शास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ ते दिलेले आहे. आपल्या सह्याद्रीतली कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मरते. पुयाचे तसेच, पण ती निदान चाळीस वर्षे, कधी त्याच्या दुप्पट, नुसती पानेच वाढवीत राहते. मग हजारो फुलांचा, कित्येक मीटर उंचीचा एकच तुरा येतो. बी पिकले की झाड संपले.

ज्या संथपणाने ही झाडे तगली, तोच आता त्यांच्या मुळावर आला आहे. यारेतात राळ असते, त्यामुळे ती छान जळते. झाडे दुर्मिळ असलेल्या त्या मुलखात चुलीसाठी ती तोडली गेली. विसाव्या शतकात उत्तर चिलीतल्या तांब्याच्या खाणींनीही तिचे सरपण केले. वीतभर वाढायला पंधरा वर्षे, जळायला एक संध्याकाळ! कुरणांना लावलेल्या आगीत पुयाही होरपळते, आणि फुलण्याआधी जळालेली पुया मागे एकही बी ठेवीत नाही.

तोडलेले झाड पुन्हा लावता येते, असे आपण सहज म्हणून जातो. यारेताच्या बाबतीतही ते खरे आहे. फक्त ती पूर्वीएवढी झालेली पाहायला आपल्याला शंभरावर पिढ्या थांबावे लागेल.