गणवेशाची अब्रू

भर समुद्रात शस्त्रधारी सैनिक आणि निराधार माणूस यांची गाठ पडते, तेव्हा तेथे बहुधा तिसरा साक्षीदार नसतो. जे घडते ते पुढे किनाऱ्यावर दोन तोंडांनी सांगितले जाते. आणि त्यांतले एक तोंड आपले व दुसरे परके, एवढ्यावरच नागरिक निवाडा करून मोकळा होतो. आश्रय मागण्यास आलेल्या लोकांना आपल्या आरमाराने छळले की नाही, असा वाद जानेवारी २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात पेटला, तेव्हा नेमके हेच झाले. तो वाद आता जुना झाला आहे. त्यातला प्रश्न मात्र जुना झालेला नाही, आणि तो केवळ ऑस्ट्रेलियाचाही राहिलेला नाही. म्हणून त्याचा परामर्श घेणे आम्हांला अगत्याचे वाटते.

सप्टेंबर २०१३ मध्ये टोनी अ‍ॅबट यांचा पक्ष आश्रयार्थींच्या नौका थांबविण्याचे आश्वासन देऊन सत्तेवर आला. त्यासाठी आखलेल्या मोहिमेची सूत्रे एका सेनाधिकाऱ्याकडे देण्यात आली आणि नौका इंडोनेशियाकडे परत लोटण्यास आरंभ झाला. पाण्यावर काय चालले आहे, याविषयी बोलण्यास स्थलांतर खात्याचे मंत्री स्कॉट मॉरिसन नकार देत राहिले. झाकली मूठ सव्वा लाखाची, हेच जणू सरकारी धोरण ठरले. अशात परत लोटलेल्या एका नौकेतील काही जणांनी आरोप केला, की नौसैनिकांनी आम्हांला इंजिनाच्या तापलेल्या नळ्या बळेच धरावयास लावल्या. एबीसी या सार्वजनिक प्रसारणसंस्थेने भाजलेल्या तळव्यांची दृश्ये दाखविली आणि देशात एकच गदारोळ उठला.

सरकारचे उत्तर तयार होते. आरोप निराधार आहेत, आमचा विश्वास नौदलावर आहे, आणि एबीसी ही ऑस्ट्रेलिया सोडून बाकी सर्वांची बाजू घेते, असे खुद्द पंतप्रधान म्हणाले. फेब्रुवारीत एबीसीनेही आपली शब्दयोजना अधिक काटेकोर हवी होती, असे मान्य करून खेद व्यक्त केला. वड्याचे तेल वांग्यावर निघाले! चर्चा व्हावयाची होती ती भाजलेल्या हातांची. झाली ती वार्ताहराच्या देशभक्तीची. स्वतंत्र चौकशीची मागणी सरकारने मानली नाही.

त्या नौसैनिकांनी गुन्हा केलाच, असे आम्ही म्हणत नाही. आरोप म्हणजे अपराध नव्हे, आणि परत लोटल्या गेलेल्या माणसालाही असत्य बोलण्याचा मोह होऊ शकतो. परंतु नकार म्हणजे निर्दोषत्वही नव्हे. त्याच जानेवारीत आपल्या नौका इंडोनेशियाच्या सागरी हद्दीत शिरल्याबद्दल ऑस्ट्रेलियाला त्या देशाची माफी मागावी लागली. असे सहा वेळा घडल्याचे पुढे अधिकृत तपासणीत आढळले. ज्यांच्या हातून सीमारेषा ओलांडली जाऊ शकते, त्यांच्या हातून मर्यादारेषा ओलांडली जाणेच अशक्य, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

याहून बोलका दाखला २००१ चा आहे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात, निवडणुकीच्या तोंडावर, आश्रयार्थींनी आपली मुले समुद्रात फेकली, असे जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने जाहीर केले. पुरावा म्हणून जी छायाचित्रे प्रसिद्ध झाली, ती वस्तुतः दुसऱ्या दिवशीची होती. नौका बुडू लागल्यावर ‘अ‍ॅडलेड’ या युद्धनौकेवरील नौसैनिकांनी पाण्यातील माणसांना वाचविले, त्या प्रसंगाची. मुले फेकल्याचा कोणताही पुरावा नाही, हे संरक्षणदलाचे प्रभारी प्रमुख अँगस ह्यूस्टन यांनी ७ नोव्हेंबरला संरक्षणमंत्र्यांना सांगितले. १० नोव्हेंबरला मतदान झाले. मंत्र्यांनी जाहीर दुरुस्ती केली नाही. अखेर ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटच्या समितीने निर्णय दिला, की एकही मूल फेकले गेले नव्हते.

हे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्यात आरोप निराधारांवर होता. तो पुराव्यावाचून खरा मानला गेला. दुसऱ्यात तो गणवेशावर होता. तो चौकशीवाचून खोटा मानला गेला. आणि पहिल्या प्रसंगात गणवेशाची अब्रू राखली कोणी? मौन पाळणाऱ्यांनी नव्हे. बुडत्याला वाचविणाऱ्या नौसैनिकांनी आणि मंत्र्याला न रुचणारे सत्य सांगणाऱ्या अधिकाऱ्याने.

यात आमचाही संबंध येतो. जून २०१४ मध्ये पुदुच्चेरीहून निघालेल्या १५७ तमिळ आश्रयार्थींना ऑस्ट्रेलियाने सुमारे महिनाभर समुद्रातच नौकेवर कोंडून ठेवले. प्रकरण न्यायालयात जाईपर्यंत अशी नौका आहे, हेसुद्धा सरकार मान्य करीना. ती कोठडी कायदेशीर होती, असा निकाल तेथील उच्च न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्ये दिला; परंतु तो चार विरुद्ध तीन अशा निसटत्या बहुमताने.

पुढे मे २०२५ मध्ये तर प्रश्न आमच्याच दारी आला. दिल्लीत पकडलेल्या सुमारे ४० रोहिंग्यांना नौदलाच्या नौकेवरून म्यानमारजवळच्या समुद्रात उतरविण्यात आले, असा आरोप झाला. संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिवेदकांनी चौकशी आरंभिली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्या कथनाविषयी तीव्र संशय व्यक्त करून पुरावा मागितला आणि अंतरिम आदेश नाकारला. न्यायालयाने पुरावा मागावा हे रास्तच आहे. पण समुद्रावरचा पुरावा आणावा कोणी? नौकेची नोंदवही, आज्ञापत्रे, प्रवाशांच्या याद्या, हे सारे सरकारच्या कपाटात असते. आरोप करणाऱ्याच्या खिशात नसते. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही, हे खरे. परंतु शरण आलेल्याला मृत्यूच्या तोंडी देऊ नये, हे शिकण्यास आम्हांला जिनीव्हाच्या कराराची वाट पाहावी लागली नव्हती.

आपल्या सैन्याविषयी प्रश्न विचारणे हा सैन्यद्रोह आहे, अशी समजूत हल्ली सर्वत्र दृढ होत आहे. चिपळूणकडील आपल्याच लष्कराला रयतेला काडीचाही आजार देऊ नका, अशी ताकीद देणाऱ्या शिवछत्रपतींना ती मानवली नसती. सैन्यावर त्यांचे प्रेम कमी नव्हते. सैन्य कशाने बदनाम होते, हे ते जाणून होते, इतकेच.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. असा आरोप होईल तेव्हा नोंदी खुल्या कराव्यात आणि सरकारच्या अधीन नसलेल्या न्यायाधीशाकडून तपास व्हावा. आरोप खोटा ठरला, तर नौसैनिक निष्कलंक होऊन मान ताठ ठेवील; खरा ठरला, तर दोषी तेवढे वेगळे होतील आणि बाकीच्यांवरचे किटाळ जाईल. चौकशीचे भय असलेच, तर ते अपराध्याला असावे. निरपराध नौसैनिकाला तिच्यापासून वाचविण्याचा आव आणणारे सरकार त्याचा कैवार घेत नाही; त्याला कायमचे संशयात ठेवते.