नंबराची वस्तू आणि हाताची वस्तू

महाराष्ट्रात कळंब एकच नाही. आमचे कळंब धाराशिव जिल्ह्यातले, दुसरे यवतमाळ जिल्ह्यातले. आमच्या तालुक्यातल्या एका गावात मी शाखा डाकपाल म्हणून नोकरी केली. पत्त्यावर पिनकोड नसला की आमचे पाकीट यवतमाळला जाऊन, तिथून फिरून यायचे. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही सहा आकड्यांची पद्धत बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने. ते संस्कृतचे मोठे पंडित आणि कवी होते. ४१३५०७ म्हणजे आमचे कळंब. यवतमाळच्या कळंबचा आकडा वेगळा.

आता अ‍ॅमेझॉन उघडा, फ्लिपकार्ट उघडा की मीशो उघडा, वस्तू तुमच्यापर्यंत येईल की नाही ते हेच सहा आकडे ठरवतात. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये सरकारदरबारी धाराशिव झाले, पण काही ठिकाणी यादीत अजून उस्मानाबादच दिसते. त्याने घाबरून जायचे कारण नाही. पिन बरोबर असला की पार्सल येते.

गावातली माणसे अजून मला विचारायला येतात, "मास्तर, हे ऑनलाइन मागवावं का?" एका शब्दात उत्तर देता येत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

घरबसल्या वस्तू मागवणे आपल्याकडे नवे नाही. फ्लिपकार्ट २००७ मध्ये पुस्तके विकत सुरू झाले आणि २०१० मध्ये त्यांनी 'वस्तू दारात आली की पैसे द्या' ही सोय आणली. अ‍ॅमेझॉनचे भारतातले दुकान २०१३ चे. पोस्टाची व्हीपी (व्हॅल्यू पेएबल) मात्र १८७७ ची. पुण्याच्या प्रकाशकांची पुस्तके, घड्याळे, आयुर्वेदिक औषधे, सगळे व्हीपीने यायचे. गावकरी पैसे भरून व्हीपी सोडवायचे. त्यात एक मेख होती: पैसे भरल्याशिवाय पार्सल फोडता यायचे नाही. मासिकांत जाहिराती असायच्या, कोडे सोडवा आणि ट्रान्झिस्टर बक्षीस मिळवा. बक्षीस लागल्याचे पत्र यायचे, मागोमाग व्हीपी यायची, आणि आत भलतेच काहीतरी निघायचे. माणूस काउंटरसमोर उभा राहून माझ्याकडे बघायचा. पैसे तर पाठवणाऱ्याच्या नावावर जमा झालेले असायचे. त्या माणसाला सहज दाद मागायला जागा नव्हती. आज आहे, आणि हा फरक मी फार मोठा मानतो. त्यावर पुढे येतो.

आधी फायद्याचे बोलू, कारण तो खरा आहे आणि शहरापेक्षा आमच्यासारख्या ठिकाणी जास्त आहे. शेजारची मुलगी एमपीएससीचा अभ्यास करते. तिला हवे ते पुस्तक कळंबला मिळाले नाही तर पूर्वी लातूर गाठावे लागे, तिथे नसले तर पुणे. जाण्यायेण्याचे भाडे पुस्तकापेक्षा जास्त, आणि मुलीला एकटीला पाठवायचे की नाही यावर घरात वाद. आता पुस्तक चार-सहा दिवसांत येते. मिक्सरचे एकच भांडे फुटले, तर दुकानदार म्हणतो सेट घ्या. ऑनलाइन त्या मॉडेलचे एकटे भांडे मिळते. गुडघ्याचा पट्टा, कानातल्या यंत्राचे सेल, मधुमेह्यांच्या चपला या गोष्टी तालुक्याच्या गावी ठेवून दुकानदाराला परवडत नाहीत, कारण गिऱ्हाईक महिन्यातून एखादे.

आणखी एक फायदा मला आमच्या सूनबाईंनी सांगितला, तो माझ्या कधी ध्यानात आला नसता. गावातल्या बाईला आतले कपडे घ्यायचे तर दुकानात समोर ओळखीचा पुरुष उभा, बाजूला त्याचे दोन मित्र. माप सांगायची चोरी. मिळेल ते घ्यायचे आणि पिशवीत लपवून आणायचे. आता ती मापाचे घेते, बसले नाही तर परत करते, कोणाला खुलासा देत नाही. असा फायदा रुपयांत मोजता येत नाही.

शिवाय भाव कळतो. घ्यायचे कळंबच्याच दुकानातून असले तरी फोनवर भाव पाहून गेलेला माणूस फसत नाही. दुकानदारांना हे रुचत नाही, पण गिऱ्हाइकाच्या बाजूने हे चांगलेच झाले.

आता दुसरी बाजू. माझ्या घरी फवारणीचा बॅटरीवरचा पंप ऑनलाइन आला. कंपनीचे नाव घेत नाही. भाव दुकानापेक्षा कमी, चित्र छान, खाली कौतुकाच्या ओळीच ओळी. सोयाबीनवर अळी पडली होती, पंप लगेच हवा होता. पहिल्या फवारणीला बरा चालला. मग बॅटरी धरेना. दोन टाक्या मारल्या की दाब संपायचा आणि नळीतून थेंब गळत राहायचे. परतीची मुदत उलटून गेली होती. दुरुस्तीचे केंद्र पुण्यात. कळंबचा दुकानदार पंप उघडून बघून म्हणाला, "काका, याचा वायसर आपल्याकडच्या कुठल्याच पंपाला बसत नाही. बॅटरीचं कनेक्शनबी वेगळंय." त्याच दुकानातून घेतला असता तर त्याने दुपारपर्यंत स्वतःचा पंप वापरायला दिला असता. अळी परतीच्या मुदतीची वाट बघत नाही.

अशा पाहण्यातून माझे एक मत बनले आहे. ज्या वस्तूला पक्का नंबर आहे ती ऑनलाइन घ्यावी: पुस्तक, नावाजलेल्या कंपनीचा मोबाइल, मॉडेल नंबर सांगून मिळणारे भांडे किंवा सुटा भाग. ती कळंबला घ्या की मुंबईला, एकच असते. आणि जी वस्तू हाताने पाहावी लागते, किंवा बिघडली तर कोणाच्या तरी हातात द्यावी लागते, ती गावातून घ्यावी: साडी, रोजची चप्पल, बियाणे, पंप, मोटार. बियाण्याच्या बाबतीत तर मी कोणाचे ऐकणार नाही. पिशवीवरचा लॉट नंबर, पक्की पावती आणि ओळखीचा कृषी सेवा केंद्रवाला हे तिन्ही हातात असावेत. उगवले नाही तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याला शेतात आणून पंचनामा करावा लागतो, आणि त्या वेळी पावती देणारा माणूस तालुक्यातच असलेला बरा.

उधारीचा हिशेब वेगळाच आहे. आमचा भाग अवर्षणाचा. पेरणीला पैसा लागतो जूनमध्ये आणि सोयाबीनची पट्टी हातात येते दिवाळीच्या सुमाराला. मधले महिने किराणा आणि खत चालते ते दुकानदाराच्या वहीवर. ऑनलाइन कंपनीही हप्ते देते, 'नंतर पैसे द्या' म्हणते, पण ते कार्डवाल्याला आणि ज्याची कर्जफेडीची नोंद चांगली आहे त्याला. ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्या वर्षी तिचा हप्ता थांबत नाही. दुकानदार उधारीच्या मालावर दोन पैसे जास्त लावतो हे मला माहीत आहे, आणि त्याबद्दल त्याच्याशी भांडायलाही हरकत नाही. पण सगळी रोखीची खरेदी फोनवर आणि फक्त उधारीची त्याच्याकडे, असे सगळ्यांनी केले तर त्याची वही फार काळ चालणार नाही. काय कुठे घ्यायचे, हे प्रत्येकाने आपल्या घरापुरते तरी ठरवावे.

पैसा जिल्ह्याबाहेर जातो, ही तक्रार व्यापारी करतात. त्यात तथ्य आहे. पण आपल्या भागातून माल बाहेर जाणे हेही जुनेच आहे. आपल्या जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासग्रंथात तगरचे कापड गाड्यांनी भडोचच्या बंदरापर्यंत जात असल्याची नोंद आहे. माल विकायला आता ऑनलाइनची वाटही आहे: १ ऑक्टोबर २०२३ पासून ठरावीक उलाढालीच्या आतल्या छोट्या विक्रेत्याला जीएसटी नोंदणीशिवाय, आपल्या राज्यापुरता, ऑनलाइन कंपन्यांवर माल विकता येतो. तुळजापूरच्या कवड्यांच्या माळा किंवा बचत गटाच्या चटण्या अशा जाऊ शकतात. आमच्या गावातून अजून कोणी हे केलेले नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचे. ॲपवर दिसते ती कंपनी बहुतेक वेळा तुम्हाला वस्तू विकतच नसते. परदेशी भांडवलाच्या कंपनीला असा बाजार चालवता येतो, स्वतःचा माल त्यात विकता येत नाही, असा केंद्र सरकारचा नियम आहे. तो २०१९ च्या फेब्रुवारीपासून आणखी कडक झाला. म्हणजे आठवडी बाजारासारखे आहे: जागा ग्रामपंचायतीची, वांगी विकणारा वेगळा. तुमचे नाते त्या विकणाऱ्याशी जुळते. म्हणून पार्सल आल्यावर आतले बिल टाकून देऊ नका. त्यावर विक्रेत्याचे नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक असतो. भिवंडीच्या गोदामातून माल आला म्हणून विक्रेता भिवंडीचा असतोच असे नाही. तो सुरतचा असेल, दिल्लीचा असेल.

बाजार भरवणाऱ्याला कायद्याने अगदी मोकळेही सोडलेले नाही. २३ जुलै २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीने विक्रेत्याची माहिती दाखवायची, तक्रार अधिकारी नेमायचा, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात ती निकाली काढायची. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने, आयएसआय मानकात न बसणारे प्रेशर कुकर आपल्या बाजारात विकू दिल्याबद्दल अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट या दोघांनाही प्रत्येकी १ लाख रुपये दंड केला. अ‍ॅमेझॉनवरून असे २,२६५ आणि फ्लिपकार्टवरून ५९८ कुकर विकले गेले होते. ते परत मागवून ग्राहकांना पैसे देण्याचा आदेशही झाला. कुकर हा घरात स्फोट होऊ शकणारा डबा आहे. ऑनलाइन घ्या की दुकानातून, आयएसआयचे चिन्ह पाहिल्याशिवाय घेऊ नका.

भावाच्या खेळांबद्दल थोडेसे. 'फक्त दोनच शिल्लक', 'दहा मिनिटांत सवलत संपेल' हे बहुतेकदा घाई करवण्यासाठी असते. न मागितलेली वस्तू किंवा विमा हळूच यादीत घालणे, पैसे भरतानाच जादा आकार दाखवणे, अशा १३ प्रकारांना सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे. शेवटच्या पानावरची एकूण रक्कम वाचल्याशिवाय बटण दाबू नका.

गावात पार्सल येते तेही पाहण्यासारखे असते. पोरगा मोटारसायकलवर, पाठीवर पोत्याएवढी बॅग. आमच्या पत्त्यांत घर क्रमांक नसतो, 'मारुतीच्या देवळामागे, टाकीजवळ' एवढेच. तो आत येत नाही, फोन करतो: "काका, तुमचं पार्सल आहे, फाट्यावर येता का?" त्याला दिवसभरात चाळीस गावे पुरी करायची असतात, त्याच्यावर रागावून उपयोग नाही. पण त्याच्या घाईत आपली घाई करू नये. खोक्याची चिकटपट्टी दुबार लावलेली दिसली तर पार्सल घेऊच नका. महाग वस्तू असेल तर त्याच्यासमोर फोडून दाखवण्याची सोय आधीच निवडा. ती नसेल तर घरात कोणाला तरी फोनवर चित्रण करायला लावून खोके फोडा, पत्त्याची चिठ्ठी दिसेल असे. आणि ओटीपी वस्तू हातात आल्यावरच सांगा.

परत करताना आणखी एक सापळा असतो. कंपनीचा नंबर गुगलवर शोधून फोन लावला की बरेचदा चोराकडे लागतो. तो 'पैसे परत करतो' म्हणून यूपीआयचा पिन टाकायला सांगतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. तक्रार नेहमी त्या ॲपमधूनच करा. पैसे गेलेच, तर तासाच्या आत १९३० वर फोन करा.

मघाशी दाद मागण्याच्या जागेबद्दल म्हणालो ते हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, जो जुलै २०२० पासून लागू झाला, ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीचा असला तरी प्रकरण धाराशिवच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालते. वस्तू ५ लाखांपर्यंतची असेल तर शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. ॲपवरची सात दिवसांची परतीची मुदत संपली म्हणजे हा हक्क संपत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहा. तिथे मराठीत बोलता येते. बिल, चित्रण आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवा आणि १९१५ हा आकडा आजच घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.