गिऱ्हाइकामागे किती मैल?

विहीर घरापासून २५३ फुटांवर. म्हणजे सत्याहत्तर मीटर, ऐकायला काहीच नाही. १९३०च्या दशकात अमेरिकेच्या केंद्र सरकारने जवळपास पाच लाख शेतकरी कुटुंबांची पाहणी केली, तीत हे सरासरी अंतर निघालं. माणशी रोज ४० गॅलन पाणी आणि पाच माणसांचं घर, म्हणजे दिवसाला २०० गॅलन, साधारण साडेसातशे लिटर. हे पाणी हापसून घरात आणायचं, तर वर्षाकाठी आठ-आठ तासांचे ६३ दिवस मोडतात आणि पायपीट होते १,७५० मैल. किलोमीटरमध्ये २,८१६. मुंबईहून दिल्लीला चालत जायचं आणि चालतच परत यायचं, तेही स्वतःचं आवार न सोडता.

हा आकडा उलटा सोडवून पाहिला की खेपा दिसायला लागतात. जाऊन-येऊन ५०६ फूट, तर १,७५० मैल भरायला रोज पन्नास खेपा हव्यात. दर खेपेला चार गॅलन, पंधरा किलोचं ओझं. आता वेळ पाहा. ६३ दिवसांचे झाले ५०४ तास. एवढ्या वेळात २,८१६ किलोमीटर कापायचे, तर ताशी साडेपाच किलोमीटरहून जास्त वेग लागतो. भरली बादली हातात घेऊन, उन्हाळ्या-पावसाळ्यात, एकदाही न टेकता! आणि यात हापसण्याला एक मिनिटसुद्धा उरत नाही. ६३ दिवस हा हिशेब कुणीतरी टेबलाशी बसून मांडला असणार. पाणी वाहणाऱ्या बाईला याहून बरेच जास्त दिवस लागत असणार.

टेक्सासच्या ‘हिल कंट्री’ नावाच्या डोंगराळ भागात तर तेवढंही सुख नव्हतं. विहिरी खोल, आणि कितीतरी घरी पाणी दोराने शेंदून काढावं लागे. धुण्याच्या दिवशी तर टबामागून टब भरायचे. दुसऱ्या दिवशी इस्त्री. तीनेक किलोचा लोखंडी ठोकळा लाकडाच्या चुलीवर तापत ठेवायचा, मुठीला फडकं गुंडाळून उचलायचा, बुडाची काजळी पुसायची, नाहीतर नुकत्याच धुतलेल्या सदऱ्यावर काळा पट्टा. एक ठोकळा निवेपर्यंत दुसरा तापवायचा. चूल पेटती हवीच, मग बाहेर टेक्सासचा ऑगस्ट का असेना.

या भागातून १९३७ साली लिंडन जॉन्सन अमेरिकी काँग्रेसच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले. वय २८. उमेदवारांची भाऊगर्दी होती, आणि जॉन्सन यांचं पालुपद एकच: मी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टचा माणूस, त्यांच्या योजना तुमच्या दारी आणतो. १० एप्रिलला ८,२८० मतं पडली. एकूण मतांच्या तीस टक्केही नाहीत, पण तेवढ्यावर भागलं. खाली कोलोरॅडो नदीवर (टेक्सासची कोलोरॅडो, ग्रँड कॅन्यनची नव्हे) धरणं उभी राहत होती. त्यांची वीज वरच्या डोंगरांतल्या घरांत न्यायची, हे पुढच्या दोन वर्षांचं काम ठरलं.

अडचण एका भागाकाराची होती. १९३५ साली अमेरिकेतल्या शहरांत दहापैकी नऊ घरांत वीज होती, शेतावरच्या दहा घरांपैकी जेमतेम एकात. खासगी कंपन्या मोजत ‘मैलामागे किती गिऱ्हाइकं’. रूझवेल्टनी त्याच वर्षी ग्रामीण विद्युतीकरणाचं खातं काढलं, तर त्याचीही अट निघाली: मैलामागे किमान तीन. हिल कंट्रीत तेवढी वस्तीच नव्हती. जॉन्सन थेट राष्ट्राध्यक्षांकडे गेले. रूझवेल्टनी खात्याच्या प्रमुखाला फोन लावला आणि सांगितलं की कर्ज देऊन टाका, ती माणसं भराभरा वाढतात, भरून काढतील. किस्सा जॉन्सन यांनीच सांगितलेला, आणि ते किस्से रंगवण्यात पटाईत होते. पण कर्ज मिळालं हे खरं.

१९३८ साली हिल कंट्रीतल्या पेडर्नालेस वीज सहकारी संस्थेला १३,२२,००० डॉलर मंजूर झाले, १,८३० मैल तारा आणि २,८९२ कुटुंबांसाठी. मैलामागे दीड गिऱ्हाईक! कंपन्यांच्या नजरेने हा शुद्ध वेडेपणा. पण १,८३० आणि १,७५० हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. जवळपास तीन हजार घरं उजळणारी सगळी तार एका बाईच्या एका वर्षाच्या पाणी वाहण्याहून फक्त ऐंशी मैल जास्त. ती सरासरी या सगळ्या घरांना लावली, तर वर्षाची पायपीट होते पन्नास लाख मैलांच्या वर, म्हणजे चंद्रावर दहा वेळा जाऊन-येऊनही बरेच मैल उरतात. मंजूर झालेलं सगळं कर्ज या एकाच वर्षाच्या चालण्यावर वाटलं, तर मैलाला २६ सेंट पडतात.

अर्थात तार आली म्हणून दुसऱ्या दिवशी पायपीट थांबली नाही. १९३९च्या नोव्हेंबरात दिवे लागले तेव्हा आधी आला तो बल्ब. पंपाचे, नळाचे पैसे वेगळे.

ग्रामीण वीज सहकाराचा हा अमेरिकी नमुना तीस वर्षांनी आपल्याकडेही आला. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा संस्था त्यातलीच. तिच्या विजेचा मोठा वाटा शेतीपंपांना जाई. २०११ साली तिचं काम महावितरणकडे गेलं.

पेडर्नालेस मात्र अजून आहे. चार लाखांहून जास्त मीटर असलेली ती आज अमेरिकेतली सर्वांत मोठी वीजवितरण सहकारी संस्था आहे. रूझवेल्टचं भाकीत खरं ठरलं म्हणायचं, फक्त मैलामागची गिऱ्हाइकं वाढली ती मुख्यतः ऑस्टिन शहर पसरत पसरत त्या डोंगरांत शिरल्यामुळे.