लेखांक सहावा : मृगापूर्वीची लस

इन्फ्ल्युएन्झाचा विषाणू आपल्या बाह्य आवरणातील प्रथिने वर्षागणिक थोडीथोडी पालटीत असतो व त्यामुळे गतसालची लस यंदा पुरी पडत नाही, याचा विचार मागील लेखांकात झाला. आता प्रश्न उरतो तो ही लस घ्यावी केव्हा, हा. हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही, कारण फ्लूच्या हंगामासंबंधी आपल्या कानावर जे पडते ते बहुधा लंडन-न्यूयॉर्ककडचे असते आणि तिकडील हंगाम हिमवर्षावाचा आहे.

लसीच्या वेष्टनावर ती उत्तर गोलार्धाची की दक्षिण गोलार्धाची, हे छापलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांची सभा दरसाल फेब्रुवारीत भरते आणि उत्तरेच्या आगामी हिवाळ्यासाठी कोणते विषाणू लसीत घालावे हे ठरवते; दक्षिणेसाठी तीच सभा सप्टेंबरात भरते. लस बहुतांशी कोंबडीच्या अंड्यांत वाढवावी लागत असल्याने निर्णयापासून कुपी बाजारात येईपर्यंत सुमारे सहा महिने जातात. म्हणजे उत्तरेची लस शरदात मिळते आणि दक्षिणेची आपल्या चैत्र-वैशाखात. बालाघाटाच्या पठारावर सुमारे साडेअठरा अक्षांशांवर वसलेल्या जळकोटची नोंद भूगोलाच्या दफ्तरी उत्तर गोलार्धातच होणार हे उघड आहे. परंतु जो कोणी त्या नोंदीवर विसंबून दिवाळीपर्यंत लसीची वाट पाहील, त्याने पेरणीची वेळ चुकवून आश्विनात तिफण जुंपल्यासारखे होईल.

याचा पुरावा आपल्याच देशातील आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने इतर प्रयोगशाळांच्या साहाय्याने 2009 ते 2013 या काळात श्रीनगरपासून दक्षिणेपर्यंतच्या अनेक शहरांतील रुग्णांचे नमुने तपासले. त्यांवरून असे आढळले की श्रीनगरला फ्लू युरोपप्रमाणे जानेवारी ते मार्च या काळात चढतो; दिल्ली, कोलकाता, नागपूर, पुणे येथे तो पावसाबरोबर येतो; आणि चेन्नईला, जिथे मुख्य पाऊसच ईशान्य मोसमी वाऱ्याचा, तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडतो. एकच राष्ट्र, एकच विषाणू, आणि हंगाम मात्र तीन! या अभ्यासकांनी 2015 साली प्रसिद्ध केलेली शिफारसही त्याला धरूनच होती : काश्मिरात लस हिवाळ्यापूर्वी, इतर बहुतेक भागांत पावसाळ्यापूर्वी. जळकोट, उदगीर, मुखेड, कंधार या साऱ्या टापूचा पाऊस त्याच नैर्ऋत्य वाऱ्याचा असल्यामुळे पुणे-नागपूरचा हिशेब इकडेही लागू धरण्यास प्रत्यवाय नसावा.

मग पावसाचा आणि या ज्वराचा संबंध काय? थंड देशांतील कारण बरेचसे स्पष्ट झाले आहे : कोरड्या, गार हवेत खोकल्यातून उडालेले तुषार झपाट्याने सुकून हलके होतात व दीर्घकाळ तरंगतात, आणि त्यांतील विषाणूही अधिक काळ जिवंत राहतो. न्यूयॉर्क येथील संशोधकांनी 2007 साली गिनीपिगांवर प्रयोग केले, तेव्हा हवा उबदार व दमट करताच एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात होणारा हवेतील प्रसार थांबला. यावरून आपल्याकडे श्रावणात फ्लू असूच नये, असा निष्कर्ष कोणी काढला असता. परंतु त्याच संशोधकांनी पुढल्या वर्षी निराळी तजवीज केली. प्राण्यांना एकाच पिंजऱ्यात एकत्र ठेवले, आणि तीस अंश उष्म्यातही रोग निर्वेधपणे एकाचा दुसऱ्यास लागला. म्हणजे हवेची वाट बंद झाली तरी स्पर्शाची व निकट सहवासाची वाट मोकळीच राहते. आता मराठवाड्यातील जून-जुलैचे चित्र डोळ्यांपुढे आणावे : मृग लागतो न लागतो तोच शाळा भरतात, आर्द्रा-पुनर्वसूच्या झडीत दारे-खिडक्या लागतात, उन्हाळ्यात अंगणात वा माळवदावर निजणारे कुटुंब एकाच खोलीत येते. ओल्या हवेत विषाणूला काय मानवते याचा उलगडा अद्याप पुरता झालेला नसला, तरी निकट सहवासाचा हा बंदोबस्त निसर्गाने त्याच्यासाठी चोख केलेला असतो. याउलट एप्रिल-मेच्या चाळीस अंशांच्या रखरखीत उन्हात, जेव्हा हवा कोरडी असूनही गार नसते, हा रोग इकडे बहुतांशी निपचित असतो.

साथीला मात्र ऋतूंचे हे मामूल सदैव बंधनकारक नसते. 1918 साली मुंबईच्या गोदीवरील पोलीस शिपाई जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आजारी पडले, ते पावसाळ्याच्या तोंडावर हे खरे. परंतु संहारक लाट आली ती सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि तीही पाऊस दगा दिलेल्या वर्षी. अलीकडे 2015 साली स्वाइन फ्लूने देशभर अधिकृत मोजणीनुसार 42,592 जणांना गाठले व 2,990 जणांचा बळी घेतला, त्यांपैकी पुष्कळसे जानेवारी ते मार्चमध्ये. पठारावरील थंड, कोरड्या रात्रींत हा दुसरा, बहुधा लहान चढ आपल्याकडेही येतोच. लसीचे बळ टोचल्यापासून सुमारे दोन आठवड्यांनी येते व काही महिन्यांत उतरणीस लागते; तेव्हा वैशाखातील लस पौषात दुबळी पडणार, हा आक्षेप खरा आहे. तरी एकच सुई परवडत असेल तर ती मोठ्या चढापुढे खर्चावी, असे माझे मत आहे. ब्राझीलने, ज्याचा अवाढव्य प्रदेश विषुववृत्तापासून समशीतोष्ण कटिबंधापर्यंत पसरला आहे, राष्ट्रव्यापी एकाच तारखेचा हट्ट सोडून 2023 पासून ॲमेझॉनकडील उत्तर विभागाची मोहीम तिथल्या पावसाळ्यापूर्वी, नोव्हेंबरात, घेण्यास प्रारंभ केला. गोलार्ध पाहून नव्हे, पाऊस पाहून हुकूम काढणारे सरकार असू शकते, ही गोष्ट आमच्याकडील अधिकाऱ्यांनीही लक्षात घेण्याजोगी आहे.

म्हणून पाडवा ते मृग हा जळकोटकरांचा काळ. नऊ वर्षांखालील मुलास प्रथमच लस द्यायची तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात. त्याचा प्रारंभ पाडव्याच्या सुमारास झालेला बरा. अडचण अशी की लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते, ती गोठली तरी वाया जाते, आणि नेमका हाच काळ उन्हाच्या काहिलीचा. प्राथमिक आरोग्य केंद्रातील शीतपेटीची वीज आणि उपकेंद्रापर्यंत बर्फाच्या पेटीतून होणारा प्रवास, या दोन जागी मोहीम यशस्वी होईल वा फसेल.

गरोदर स्त्रीला मात्र हा पंचांगाचा हिशेब लावू नये. सहा महिन्यांच्या आतील बालकास ही लस देता येत नाही. आईच्या रक्तातून मिळालेले संरक्षण हेच त्याचे पहिले आणि एकमेव कवच असते, म्हणून महिना कोणताही असो, तिने ती घ्यावी. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात फ्लूला स्थान नसतानाही महाराष्ट्र शासनाने 2015 पासून गरोदर स्त्रिया, मधुमेही, रक्तदाबाचे रुग्ण व आरोग्यसेवक यांच्यासाठी ती मोफत देण्याची योजना केली आहे. शासकीय रुग्णालयात तिची मागणी करावी, एवढेच काय ते करायचे.

मोहिमेची आखणी करताना तांड्यांचाही विचार व्हावा. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात, तेव्हा ऑक्टोबरातील शिबिरास तांड्यावर म्हातारीकोतारी तेवढी सापडतात. गाळप संपून टोळ्या परततात त्या मार्च-एप्रिलमध्ये. मृगाच्या पेरणीपर्यंत नवरा-बायको, पोरेबाळे, सारे घरी असतात.