रोटाव्हेटरची पाती घेताना कडकपणा बघा

उन्हाळी मशागतीआधी बरेच जण पाती बदलतात. दुकानात सगळी पाती काळ्या रंगात सारखीच दिसतात. फरक असतो तो पोलादाला दिलेल्या पाण्यात, लोहार विळ्याला देतो तेच.

हा कडकपणा रॉकवेल मशीनवर मोजतात. हिऱ्याचं टोक आधी 10 आणि मग एकूण 150 किलोच्या दाबाने पात्यात रुतवतात. खड्डा जितका उथळ, तितका आकडा जास्त. आयएस 6690 मानकाप्रमाणे धारेकडे 53 ते 59 एचआरसी आणि बोल्टाकडे 37 ते 45 हवा. बोल्टाकडची बाजू मुद्दाम नरम ठेवतात. तीही धारेइतकी कडक केली तर दगड लागताच पातं तुटतं. त्यामुळे "अख्खं पातं एकदम कडक" असं कोणी सांगितलं तर भुलू नका.

आपल्याकडे मशीन नाही, पण कानस आहे. पूर्ण सेट घेण्याआधी दुकानदाराला विचारून एका पात्याच्या धारेजवळ रंग खरवडा आणि चांगली कानस फिरवा. पहिल्या दोन-चार हातांवर जाऊ नका, वरचा थर नरम असू शकतो. नंतर कानस घसरली तर ठीक. कुरतडून भुगा पडत राहिला तर पातं लवकर झिजणार. नेमका आकडा यातून कळत नाही, पण अगदी हलका माल उघडा पडतो.

ग्राइंडरवर धार लावताना पातं निळं पडू देऊ नका, त्या जागचं पाणी उतरतं. वेल्डिंगच्या आचेनेही तेच होतं.