नाणेनिधीत मत कोणाचे?

जागतिक आर्थिक स्थैर्य राखण्यासाठी १९४४ साली ब्रेटन वुड्स परिषदेत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा पाया घातला गेला. पण तेथे मत मिळते ते थैलीच्या वजनाने! निधीची घटना बदलणे, कोटा वाढवणे अशा ठरावांना ८५ टक्के मते लागतात. एकट्या अमेरिकेकडे सुमारे साडेसोळा टक्के आहेत. म्हणजे तिचा नकार हाच निकाल. २०१० सालची सुधारणा तिच्या काँग्रेसने २०१५ च्या अखेरपर्यंत रखडवली. आम्हा वकिलांच्या भाषेत हे पक्षकारानेच न्यायाधीश होणे झाले. १९९१ साली सुमारे ४७ टन सोने परदेशी गहाण टाकून निधीच्या अटी मान्य करणाऱ्या भारताकडे आजही तीन टक्के मते नाहीत. २०२३ च्या डिसेंबरात कोटा ५० टक्क्यांनी वाढवण्याचे ठरले, पण सर्वांचा सारख्याच प्रमाणात. मतांचे वजन जिथल्या तिथे!