जकात चुकवून आलेले जंतू

नाणेघाट चढून वर आलं की वाटेच्या कडेला भलामोठा दगडी रांजण दिसतो. सातवाहनांच्या काळी कोकणातल्या बंदरांवरचा माल या घाटाने जुन्नरला यायचा आणि त्याची जकात या रांजणात पडायची, असं इथले लोक सांगतात. तुमच्याआमच्या पोटातही असाच एक जकातनाका आहे: यकृत!

आतड्यांतून निघालेलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून ते आधी यकृतात शिरतं. यकृतातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहतं. त्यातलं जवळजवळ तीन चतुर्थांश याच वाटेनं आलेलं. हा वळसा कशाला? आतड्यांत अब्जावधी जंतूंची वस्ती असते आणि अन्नरसाबरोबर त्यांतले काही रक्तातही घुसतात. यकृताच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आत कुप्फर पेशी चिकटून बसलेल्या असतात. वाहत्या रक्तातून त्या जंतू नेमके धरतात आणि गिळून टाकतात. रोज, आपल्याला पत्ताही न लागता!

दारूमुळे, हिपॅटायटिस बी किंवा सीमुळे, साठलेल्या चरबीमुळे यकृत वर्षानुवर्षं सुजत राहिलं की व्रणांनी टणक होतं. हाच सिरॉसिस. घाटात दरड कोसळली म्हणा ना! मग रक्त काय करतं? आडवाटा शोधतं. अन्ननलिकेभोवतीच्या शिरा फुगतात आणि जंतूंसकट रक्त नाका चुकवून पुढे निघतं. शिवाय जंतूंवर खूण करणारी कॉम्प्लिमेंट प्रथिनंही कमी पडतात, कारण तीही बहुतांशी यकृतच बनवतं.

पोटात पाणी झालं असेल, तर हे जंतू तिथेच वाढू लागतात. आतडं फुटलेलं नाही, कुठे जखम नाही, तरी पोटात संसर्ग! कित्येकदा ताप नसतो, पोटही दुखत नाही. माणूस नुसता बरळू लागतो, दिवसरात्रीची गल्लत करतो, लघवी कमी होते. अशा वेळी घरच्यांनी तापाची वाट बघत बसू नये, लगेच दवाखाना गाठावा. डॉक्टर सुईने थोडं पाणी काढतात. त्यात घनमिलिमीटरमागे २५० किंवा जास्त न्यूट्रोफिल पेशी दिसल्या, की जंतूचं नाव कळण्याआधीच अँटिबायोटिक सुरू होतं.

आणि खरी कमाल पुढेच आहे. स्पेनमधल्या डॉक्टरांनी १९९९ साली दाखवलं, की अँटिबायोटिकच्या जोडीला शिरेतून अल्ब्युमिन दिलं तर रुग्णालयातले मृत्यू २९ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर येतात. अल्ब्युमिन म्हणजे काही जंतुनाशक नव्हे. निरोगी यकृत रोज बनवतं तेच साधं प्रथिन! त्यानं रक्ताभिसरण सावरलं आणि वाचली ती मूत्रपिंडं.